०७१२ मधला ७१२ : संख्या वेगळ्या पायात लिहून कशी तपासायची

बाहेरगावाहून नागपूरच्या लँडलाइनवर फोन लावायचा तर आधी ०७१२ फिरवावं लागतं. त्यातलं पहिलं शून्य एक्स्चेंजला एवढंच सांगतं की फोन बाहेरगावचा आहे. संख्या म्हणून त्याला किंमत नाही. उरते ती ७१२. हीच संख्या घेऊन पुढचं सगळं काम करू, कारण ती छोटी आहे, नागपूरकराच्या तोंडात बसलेली आहे आणि वेगळ्या पायांत लिहिली की तिच्यातून बरंच काही निघतं. पाया म्हणजे एक स्थान डावीकडे सरकलं की अंकाची किंमत जितक्या पट होते ती संख्या; आपल्या रोजच्या दशमानात तो १० असतो.

सुरुवातीलाच एक भेद पक्का करून घ्या. संख्येचे काही गुण अंगचे असतात. ७१२ सम आहे, ती ८ × ८९ आहे, ती मूळ संख्या नाही, पूर्ण वर्ग नाही. पाया कोणताही घ्या, यात फरक पडत नाही. काही गुण मात्र लिखाणाचे असतात: शेवटचा अंक कोणता, अंकांची बेरीज किती, उलट वाचलं तर तेच राहतं का. हे पायाबरोबर बदलतात. "या संख्येत काहीतरी खास आहे" असं कोणी सांगितलं की आधी विचारा, हा गुण अंगचा की लिखाणाचा? निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

पायांतर कसं करायचं

साधन म्हणून कागद, पेन्सिल आणि हव्या त्या पायाचा पाढा पुरे. संख्येला पायाने भागा आणि बाकी उजवीकडे लिहा. आलेल्या भागाकाराला पुन्हा त्याच पायाने भागा. भागाकार शून्य होईपर्यंत हे चालू ठेवा, मग बाक्या खालून वर वाचा. पाया ७ घेऊन बघू:

७१२ ÷ ७ = १०१, बाकी ५
१०१ ÷ ७ = १४, बाकी ३
१४ ÷ ७ = २, बाकी ०
२ ÷ ७ = ०, बाकी २

खालून वर: २०३५. म्हणजे २ × ३४३ + ० × ४९ + ३ × ७ + ५ = ६८६ + २१ + ५ = ७१२.

पडताळणी करताना घात काढत बसू नका. डावीकडून सुरू करा: २ ला ७ ने गुणून ० मिळवा, १४. त्याला ७ ने गुणून ३ मिळवा, १०१. पुन्हा ७ ने गुणून ५ मिळवा, ७१२. वाटेत आलेले १४ आणि १०१ हे भागाकारातलेच आकडे आहेत. ते जुळले नाहीत तर चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे तेही लगेच दिसतं. म्हणून हीच पद्धत वापरावी.

उत्तर किती अंकी येणार हे आधीच काढून ठेवा. ७ चा तिसरा घात ३४३ आणि चौथा २४०१. ७१२ या दोघांच्या मध्ये आहे, म्हणून चार अंक. ही सवय नसली तर मधली बाकी शून्य आली की ती लिहायचीच राहून जाते. २०३५ ऐवजी २३५ लिहिलं गेलं तर त्याची किंमत फक्त १२४ होते.

आता पाया १२. ७१२ ÷ १२ = ५९, बाकी ४. ५९ ÷ १२ = ४, बाकी ११. ४ ÷ १२ = ०, बाकी ४. इथे मधली बाकी ११ आहे आणि ती एकाच स्थानावर बसली पाहिजे. नुसतं ४११४ लिहिलं तर वाचणारा त्याचे चार अंक समजेल आणि पाया १२ मध्ये ती संख्या ७०७२ होईल. त्यासाठी वेगळी चिन्हं ठरवावी लागतात. इथे दहासाठी द आणि अकरासाठी अ घेऊ. म्हणजे ७१२ झाली ४अ४.

आणि ही ४अ४ उलटी वाचली तरी ४अ४च! दशमानात साधीसुधी दिसणारी ७१२ पाया १२ मध्ये पॅलिंड्रोम आहे. दिसायला सुंदर, पण सराव करणाऱ्यासाठी यात एक खड्डा आहे. बाक्या वरून खाली वाचायची चूक इथे पकडलीच जात नाही, कारण उत्तर तेच येतं. म्हणून पद्धत शिकताना किंवा शिकवताना पहिलं उदाहरण पाया ७ चं घ्या, पाया १२ चं नंतर.

पाया २ मध्ये ७१२ म्हणजे १०११००१०००. इथून ४, ८ आणि १६ या पायांत जायला भागाकार लागत नाही. पाया ८ साठी तीन-तीन अंकांचे गट करा: १ ०११ ००१ ०००, म्हणजे १३१०. पाया ४ साठी दोन-दोन: १० ११ ०० १० ००, म्हणजे २३०२०. गट उजवीकडूनच पाडायचे. डावीकडून पाडले तर १०१ १०० १०० ० असे तुकडे होतात, शेवटचा तुकडा अपुरा पडतो आणि तो भरायला दोन शून्यं जोडली जातात. उत्तर येतं ५४४०, ज्याची किंमत २८४८, नेमकी चौपट. पाया २ मध्ये उजवीकडे जोडलेलं प्रत्येक शून्य संख्या दुप्पट करतं, म्हणून.

डझनाचा पाया

पाया १२ परका वाटत असेल तर ७१२ संत्री समोर ठेवा. संत्री डझनावर विकली जातात आणि बारा डझनांचा एक ग्रोस. ७१२ संत्री म्हणजे ४ ग्रोस, ११ डझन आणि वर ४ संत्री. हेच ४अ४. अंगठ्याने चार बोटांची पेरं मोजली की बारा होतात. एका हाताने पेरं मोजायची आणि दुसऱ्या हाताच्या पेरांवर डझन धरायचे, तर १४४ पर्यंत कागद लागत नाही.

जुन्या हिशेबात सगळ्या स्थानांचा पाया सारखा नव्हता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधी १२ पैचा एक आणा आणि १६ आण्यांचा एक रुपया होता. ७१२ पै म्हणजे किती? आधी १२ ने भागा: ५९ आणे, ४ पै. मग ५९ ला १६ ने भागा: ३ रुपये, ११ आणे. उत्तर ३ रुपये ११ आणे ४ पै. शेवटचे दोन आकडे ११ आणि ४ पुन्हा आलेले दिसतील. ४ येणारच होता, कारण पहिला भाजक दोन्हीकडे १२ आहे. ११ मात्र जुळून आला: ५९ मधून ४८ गेले की ११ उरतात, आणि ४८ ही १२ चीही पट आहे, १६ चीही. अशी मिश्र पायाची पद्धत घड्याळात आजही चालते.

विभाज्यतेच्या कसोट्या पायाबरोबर कशा फिरतात

दशमानात २ आणि ५ साठी शेवटचा अंक पाहतो, ३ आणि ९ साठी बेरीज, ११ साठी एकाआड एक अंकांची वजाबाकी. यातली एकही कसोटी पाठ करायची गरज नाही, कारण तिन्हींचा उगम एक आहे. पायाला प असं म्हणू.

प च्या विभाजकांसाठी शेवटचा अंक पाहा. प वजा १ च्या विभाजकांसाठी अंकांची बेरीज पाहा, कारण प ला प वजा १ ने भागलं की बाकी १ उरते, मग प च्या प्रत्येक घाताची बाकीही १, आणि प्रत्येक स्थानाची किंमत १ धरली की उरते ती नुसती बेरीज. प अधिक १ च्या विभाजकांसाठी उजवीकडून अधिक, वजा, अधिक असं करत जा, कारण तिथे प ची बाकी वजा १ येते आणि तिचे घात एकाआड एक चिन्ह बदलतात.

पाया १२ मध्ये शेवटच्या अंकावरून २, ३, ४, ६ कळतात, बेरजेवरून ११ आणि उलटसुलट बेरजेवरून १३. ४अ४ वर लावून बघा. शेवटचा अंक ४, म्हणजे २ ने आणि ४ ने भाग जातो, ३ ने नाही. बेरीज ४ + ११ + ४ = १९, तिला ११ ने भागून बाकी ८; ७१२ = ११ × ६४ + ८. उलटसुलट बेरीज ४ − ११ + ४ = −३, म्हणजे १३ ची बाकी १०; ७१२ = १३ × ५४ + १०. सगळं जुळतं. ५ ची कसोटी मात्र पाया १२ मध्ये अवघड होते. ५ हा १२, ११ किंवा १३ यांपैकी कुणाचाच विभाजक नाही.

सर्वांत जास्त घोटाळा विषम पायांत होतो. पाया ७ मध्ये ७१२ म्हणजे २०३५, आणि शेवटचा अंक ५ पाहून "ही तर विषम" असं म्हणायची घाई होते. पण २ हा ७ चा विभाजक नाही, तो ६ चा, म्हणजे प वजा १ चा विभाजक आहे. म्हणून विषम पायात सम-विषम ठरवायला बेरीज पाहायची: २ + ० + ३ + ५ = १०, सम. शेवटच्या अंकावरून सम-विषम ओळखायची आपली सवय इतकी मुरलेली आहे की ती अंगचा गुण आहे असंच वाटायला लागतं. सम असणं अंगचं आहे, शेवटचा अंक सम असणं लिखाणाचं.

शेवटी येणारी शून्यंही याच हिशेबातली. प च्या ज्या सर्वांत मोठ्या घाताने संख्येला भाग जातो, तेवढी शून्यं. ७१२ मध्ये २ चा तिसरा घात आहे, म्हणून पाया २ मध्ये तीन शून्यं. १६ ने भाग जात नाही, म्हणून पाया ४ मध्ये एकच. पाया ८९ मध्ये लिहिलं तर ८०.

७१२ आणखी कुठे पॅलिंड्रोम आहे?

या प्रश्नाचं पूर्ण उत्तर हाताने काढता येतं, आणि ते काढण्यातच खरी मजा आहे. २ पासून ७११ पर्यंतचे सगळे पाये एकेक करून तपासायचे नाहीत. अंकांच्या संख्येनुसार त्यांचे गट करा.

दोन अंकी रूप: २७ चा वर्ग ७२९ आहे, म्हणून २७ पासून ७११ पर्यंत प्रत्येक पायात ७१२ दोन अंकी होते. दोन्ही अंक सारखेच, ड, हवे असतील तर ड × प + ड, म्हणजे ड × (प + १) = ७१२. याचा अर्थ प अधिक १ हा ७१२ चा विभाजक पाहिजे. विभाजक आहेत १, २, ४, ८, ८९, १७८, ३५६, ७१२. त्यातून पाये मिळतात ८८, १७७, ३५५ आणि ७११, आणि तिथे ७१२ अनुक्रमे ८८, ४४, २२ आणि ११ अशी लिहिली जाते. ७ हा पाया यात बसत नाही, कारण तिथे ड ची किंमत ८९ होते आणि अंक पायापेक्षा लहानच लागतो. ही अट विसरली की खोटी उत्तरं यादीत शिरतात.

तीन अंकी रूप: पाये ९ ते २६. पहिला आणि शेवटचा अंक एवढेच पाहायचे, मधला काही का असेना. पहिला अंक ड असेल तर शेवटचाही ड हवा, म्हणजे ७१२ वजा ड ला प ने भाग गेला पाहिजे. पाये १९ ते २६ मध्ये पहिला अंक १ असतो, म्हणून ७११ ला भाग जायला हवा. ७११ = ९ × ७९, आणि १९ ते २६ मधला एकही पाया तिचा विभाजक नाही. आठ पाये एका फटक्यात गेले. १६, १७ आणि १८ मध्ये पहिला अंक २, म्हणून ७१० = २ × ५ × ७१ पाहा, नाही. १४ आणि १५ मध्ये ३, म्हणून ७०९, जी मूळच आहे. १२ आणि १३ मध्ये ४, म्हणून ७०८: १२ ने भाग जातो, १३ ने नाही. ९, १० आणि ११ मध्ये रूपं अनुक्रमे ८७१, ७१२ आणि ५९८. त्यातलं एकही जुळत नाही.

उरले २ ते ८. २, ४ आणि ८ मध्ये शेवटी शून्य येतं आणि शून्याने कोणतीही संख्या सुरू होत नाही, म्हणून ते बाद. ३, ५, ६ आणि ७ मध्ये रूपं २२२१०१, १०३२२, ३१४४ आणि २०३५. एकही नाही. म्हणजे ७१२ ही १२, ८८, १७७, ३५५ आणि ७११ याच पायांत पॅलिंड्रोम आहे. त्यातले शेवटचे चार तिच्या विभाजकांतून आपोआप मिळाले. खरी कमाई एकच, ४अ४.

याच युक्तीतून एक सामान्य गोष्ट हाती लागते. कोणतीही संख्या तिच्याहून एकने लहान पायात ११ अशी लिहिली जाते, तेव्हा तो पाया सोडून द्या. ६ पेक्षा मोठी प्रत्येक संयुक्त संख्या त्याखेरीज आणखी एखाद्या पायात पॅलिंड्रोम असतेच. संख्या म × न असेल आणि म हा न वजा १ पेक्षा लहान असेल, तर पाया न वजा १ मध्ये मम असं रूप मिळतं. दोन अवयव लागोपाठचे असतील तर अवयवांची दुसरी जोडी घ्या. १२ साठी ३ × ४ ऐवजी २ × ६. पूर्ण वर्गाला पाया वर्गमुळाहून एकने लहान घेतला की १२१ हे रूप येतं. ९ साठी तो पाया चालत नाही, पण ९ ही पाया २ मध्ये १००१ आहे. ज्यांना असा एकही पाया मिळत नाही अशा संख्या, ६ च्या पुढे, मूळच असतात: ११, १९, ४७, ५३, ७९, १०३ वगैरे.

कापरेकरांच्या संख्या, पण दुसऱ्या पायात

देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी आयुष्यभर दशमानातल्या अंकांशी खेळ केला. ६१७४ हा त्यांचा स्थिरांक जगभर माहीत आहे. त्यांचे सगळे खेळ लिखाणाच्या गुणांवर चालतात, म्हणून पाया बदलला की ते नव्याने खेळता येतात.

हर्षद संख्या म्हणजे जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती. हे नाव कापरेकरांचंच. दशमानात ७१२ ची बेरीज १० आणि भाग जात नाही. पाया २ मध्ये बेरीज ४, भाग जातो. पाया ३ मध्ये २२२१०१ ची बेरीज ८, जातो. पाया ५ मध्ये १०३२२ ची बेरीजही ८, जातो. २ ते १२ मधल्या बाकी कुठल्याही पायात ७१२ हर्षद नाही. तपासताना बेरीज आणि भागाकार दोन्ही दशमानातच करा. बेरीज एका पायात आणि भागाकार दुसऱ्या पायात केल्यानेच इथल्या बहुतेक चुका होतात. प्रत्येक पायात हर्षद ठरणाऱ्या संख्या मोजून चार आहेत: १, २, ४ आणि ६.

स्वयंभू संख्या म्हणजे जी दुसऱ्या कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून तयार होत नाही. दशमानात ७१२ स्वयंभू नाही, कारण ६८९ + २३ = ७१२. पाया विषम असेल तर मात्र प्रत्येक विषम संख्या स्वयंभू असते. कारण वर आलंच आहे: विषम पायात संख्या आणि तिची अंकबेरीज दोन्ही सम किंवा दोन्ही विषम असतात, म्हणून त्यांची बेरीज नेहमी सम येते. विषम संख्या तिथून जन्मालाच येऊ शकत नाही. दशमानात एकेक शोधत बसावं लागतं, इथे दोन ओळींत निकाल लागतो.

६१७४ ज्या चार अंकी खेळातून येतो त्याचंच तीन अंकी रूप घेऊ: अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करत राहायचं. ७१२: ७२१ − १२७ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५, आणि तिथेच थांबतं. पाया १२ मध्ये ४अ४ घ्या. अ४४ − ४४अ = ६अ५. मग अ६५ − ५६अ = ५अ६. पुढे पुन्हा ५अ६. इथेही दोनच पायऱ्या. वजाबाकीत हातचा उसना घेताना १० नव्हे, १२ घ्यायचे. हे विसरलं की खेळ भरकटतो आणि कधीच थांबत नाही असं वाटतं.

मधला अंक नेहमी अ येतो, कारण मधल्या स्थानावर तोच अंक त्याच अंकातून जातो आणि वर एक उसना गेलेला असतो. म्हणून पहिल्या आणि शेवटच्या अंकांतला फरक एवढंच पाहायचं. तो फरक फ असेल तर उत्तराचे अंक फ − १, प − १ आणि प − फ. सम पायात हा फरक शेवटी प च्या निम्म्यावर येऊन टेकतो. पाया १० मध्ये ५, पाया १२ मध्ये ६. विषम पायाला पूर्णांकात निम्मं नसतं, म्हणून तिथे एका ठिकाणी स्थिर होणं शक्य नाही. पाया ७ मध्ये ६३३ − ३३६ = २६४ आणि ६४२ − २४६ = ३६३, आणि मग या दोघांत येरझार सुरू राहते. ही चूक नाही. विषम पायात तसंच व्हायला हवं.

आणखी विचित्र पाये

तराजू समोर असेल तर संतुलित त्रिमान सर्वांत उपयोगी. यात पाया ३, पण अंक १, ० आणि वजा १. वजा १ साठी ऋ लिहू. भागाकार नेहमीसारखाच, फक्त बाकी २ आली की ऋ लिहायचं आणि भागाकारात १ मिळवायचा. ७१२ ÷ ३ = २३७ बाकी १; २३७ ÷ ३ = ७९ बाकी ०; ७९ ÷ ३ = २६ बाकी १; २६ ÷ ३ = ८ बाकी २, म्हणून ऋ आणि भागाकार ९; ९ ÷ ३ = ३ बाकी ०; ३ ÷ ३ = १ बाकी ०; शेवटी १. खालून वर १००ऋ१०१, म्हणजे ७२९ − २७ + ९ + १.

आता ७१२ ग्रॅम माल तोलायचा तर माल आणि २७ चं माप एका पारड्यात, ७२९, ९ आणि १ ची मापं दुसऱ्यात. १, ३, ९, २७, ८१, २४३, ७२९ अशा सात मापांनी १ ते १०९३ ग्रॅमपर्यंत कोणतंही पूर्ण वजन तोलता येतं. दुपटीची मापं घेऊन ती एकाच पारड्यात ठेवायची तर १०२३ ग्रॅमसाठीच दहा लागतात. ऋण संख्येला वेगळं चिन्ह लागत नाही: १ च्या जागी ऋ आणि ऋ च्या जागी १ केलं की वजा ७१२ तयार. मॉस्को विद्यापीठात १९५८ साली बांधलेला सेतुन संगणक याच पद्धतीवर चालत असे.

पाया वजा १० घेतला तर ७१२ होते ८९२, कारण ८०० − ९० + २. इथे नियम एकच आणि तो कडक: बाकी कधीही ऋण ठेवायची नाही. ७१२ ला −१० ने भागून −७१, बाकी २. मग −७१ ला −१० ने भागताना "७, बाकी −१" असं हाताला येतं, ते चुकीचं. भागाकार ८ धरा, −१० × ८ = −८०, आणि बाकी ९. वजा ७१२ होते १३२८. अंकांची संख्या विषम असेल तर संख्या धन, सम असेल तर ऋण. कसोट्याही अदलाबदल करतात. इथे साधी बेरीज ११ सांगते आणि उलटसुलट बेरीज ९: ८ + ९ + २ = १९, ११ ने बाकी ८; २ − ९ + ८ = १, आणि ७१२ ची ९ ने बाकी १.

क्रमगुणित पायात भाजक दर पायरीला बदलतो: २, ३, ४, ५, ६. ७१२ ला असं भागत गेलं की बाक्या येतात ०, २, २, ४, ५, म्हणजे रूप ५४२२०. याचा उपयोग क्रम लावण्यात. क, ख, ग, घ, च, छ ही सहा अक्षरं ७२० प्रकारे लावता येतात. प्रत्येक अंक म्हणजे उरलेल्या अक्षरांतली किती सोडायची. ५ सोडून छ, ४ सोडून च, २ सोडून ग, २ सोडून घ, ० सोडून क, उरला ख. छचगघकख. मोजणी शून्यापासून आहे, म्हणून हा क्रम यादीतला ७१३ वा. इथे एकाची चूक हमखास होते.

संगणकावर

एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये बेस नावाचं फंक्शन २ ते ३६ पाये देतं आणि डेसिमल नावाचं उलट दिशेने आणतं. तिथे दहा-अकरासाठी इंग्रजी ए आणि बी दिसतात. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रॅमर मोड लावला तरी २, ८, १० आणि १६ एवढेच पाये मिळतात. ऋण पायासाठी पायथन वापरत असाल तर सावध राहा: ते बाकीला भाजकाचं चिन्ह देतं, म्हणून बाकी ऋण आली की तिच्यात १० मिळवा आणि भागाकारात १. आणि सी भाषेत ०७१२ असं शून्यासकट कधीच लिहू नका. सी त्या पुढच्या शून्याचा अर्थ पाया ८ असा घेते आणि तुमची ७१२ गुपचूप ४५८ होते. पायथनची आताची आवृत्ती निदान चूक दाखवून थांबते.

सरावासाठी नागपूर जीपीओचा पिनकोड ४४०००१ पाया १२ मध्ये लिहून बघा. बाक्या क्रमाने ९, ६, ७, २, ९, १ येतात, म्हणजे रूप १९२७६९. त्यात ना द, ना अ. पाया शेजारी लिहिला नसेल तर हे दशमानातलंच समजलं जाणार, आणि तेही सहाच अंकी. ९ ने भाग जातो का ते पाहायला पाया १२ मध्ये शेवटचे दोन अंक पुरतात, कारण १४४ ला ९ ने भाग जातो: ६९ म्हणजे ७२ + ९ = ८१, जातो. ११ ची बाकी बेरजेवरून काढा: ३४, म्हणजे १. १३ ची उलटसुलट बेरजेवरून: ९ − ६ + ७ − २ + ९ − १ = १६, म्हणजे ३. दशमानात भागाकार करून तिन्ही जुळवा.